काचपेटीतून नाहीशी झालेली वाम

माझ्या हातून एकदा घोडचूक घडली, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु सर्व हकीकत ऐकल्यावर दोष त्या माशाचाच होता, असे आपणही म्हणाल. चहा घ्या, निवेल.

मी शाळेत फारसा गेलो नाही. जे शिकलो ते वाचनालयात बसून. तेथेच एका मासिकात वाचले की, विलायतेतील सद्गृहस्थ काचेच्या पेटीत मासे ठेवून त्यांचे निरीक्षण करतात. मग सोलापुरातील सद्गृहस्थाने का करू नये? नव्या पेठेतील तावदाने बसवणाऱ्या कारागिराकडून मी पेटी करवून घेतली, तळाशी नदीची वाळू अंथरली, वर झाकण ठेवून त्यावर दगड ठेवला आणि तलावावरच्या कोळ्याकडून एक वाम आणवली. वाम म्हणजे सापासारखा लांबट, टोकदार तोंडाचा मासा.

"अहो, लिंगायताच्या घरात मासा?" आमच्या कुटुंबाने विचारले.

"खाणे निराळे आणि पाहणे निराळे."

"मग पाहत बसा. माझ्या भांड्यांना शिवू नका म्हणजे झालं."

त्याच सुमारास माझे मेहुणे शिवाप्पा मोडनिंबहून आले. सोबत त्यांचे स्वामी होते. आमच्या लेकीला, गौरेला, शिवाप्पांच्या मुलाकरिता मागणी घालायची होती. मामाचे घर, पारखलेली माणसे. आम्हा उभयतांच्या मनात दुसरे स्थळच नव्हते.

शिवाप्पांनी पेटी पाहून नाक मुरडले. "दाजी, ह्ये जित्राब घरात कशापायी? सांगा, तळ्यात सोडून येतो की."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो पेटीत पाणी होते, वाळू होती, वाम नव्हती. तिच्यासाठी टाकलेली गांडुळेही नव्हती. माझा निष्कर्ष तर्कशुद्ध होता: ज्याने वाम नेली, त्याने तिची शिदोरीही बरोबर दिली.

"शिवाप्पा, आपण वाम कोठे सोडलीत?"

"म्या? म्या तिला हात बी लावला न्हाय."

"काल आपणच तसे म्हणाला होता."

"म्हणलो व्हतो. केलं न्हाय की."

"झाकणावर दगड होता. तो उचलून मासा आपण होऊन गेला काय?"

"मला काय इचारता? तुमच्या पुस्तकाला इचारा."

पुस्तकाचा अपमान मला सहन होत नाही. मी स्पष्ट शब्दांत म्हणालो, "दुसऱ्याच्या घरातील वस्तू न विचारता नेणे, यास आमच्याकडे चोरी म्हणतात."

शिवाप्पा उठले. गळ्यातले लिंग तळहातावर घेऊन स्वामींसमोर बसले. "स्वामी, तुमी साक्षी. म्या वाम न्हेली न्हाय. आन दाजी, चोराच्या घरात पोरगी कशाला देता? ऱ्हाऊ द्या ती सोयरीक."

स्वयंपाकघराच्या दारातून रडवेला आवाज आला, "अहो, एका माशापायी गौरेचं लग्न मोडता? अण्णाची माफी मागा."

"प्रश्न माशाचा नाही, सत्याचा आहे," मी म्हणालो. आणि सत्य सिद्ध करण्याकरिता झाकण काढले, छत्रीची दांडी वाळूत खुपसली. "स्वामी, आपणच पाहा. आहे काय येथे काही?"

वाळू हलली. तीतून आधी टोकदार तोंड आले, त्यामागून संपूर्ण वाम आली आणि उसळून थेट स्वामींच्या पुढ्यात पडली. स्वामी भगवी कफनी सावरून पाटावर उभे राहिले. रात्रभर गांडुळे खाऊन ती खुशाल स्वतःला वाळूत पुरून घेऊन निजली होती.

मी तिला धोतराच्या सोग्यात धरून पेटीत टाकले.  मग छत्री पुसत राहिलो. मासिकात याविषयी एक अक्षरही नव्हते, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

अखेर मी खाली मान घालून म्हणालो, "शिवाप्पा, चुकलो. गौरेचा विचार करा."

त्यांनी लिंग पुन्हा सदऱ्याआड ठेवले. मग म्हणाले, "सोयरीक हुईल. पर एक अट हाय. तुमी लेकीला भेटायला आमच्याकडं येणार. ती सोप्यात दिसली न्हाय, तर लगीच आमच्यावर आळ घ्यायचा न्हाय. आदी आत चुलीपुढं बघायचं."

स्वामींसमक्ष मी ही अट मान्य केली. लग्न झाले. आजही मोडनिंबला गेलो की मी तोंडातून शब्द न काढता प्रथम चुलीकडे पाहतो, आणि सारे घर तोंड दाबून हसते.

परंतु मला एकच सांगा. चारी बाजूंनी काच बसवून दिली असता, वाळूखाली जाऊन राहणे हे कोणत्या रीतीत बसते?