एका कानातलं गाणं

संत्रं सोललं की शेलूबाजारहून मंगरूळपीरला जाणारी ती भरगच्च जीप आठवते. पायाशी संत्र्यांचे कॅरेट होते आणि दादाच्या मोबाइलवर त्याचा लाडका रॉक अल्बम. इअरफोनची एक बाजू त्याच्या कानात, दुसरी माझ्या. मी म्हणाले, "हे तं नाचाचं गाणं हाय." तो हसला, "नाचाचं? इथं तं लोखंड तोडून राह्यले!" म्हणून आम्ही बाजू बदलून पाहिल्या. तेव्हा कळलं, एकाच गाण्यात आधी माझ्या बाजूला फंकची ठुमकती गिटार वाजत होती, त्याच्या बाजूला मेटलची गर्जना. "पुरं गाणं आयकाले दोघं लागते, येडे," तो म्हणाला. दादा गेल्यापासून दोन्ही बाजू माझ्याच आहेत. तो अल्बम लावते तेव्हा मात्र मी एकच कानात घालते आणि दुसरी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवते.