मर्सीमावशीच्या घराचा कोपरा

सुतार सेथ प्रोबर्टला वाकडं काम खपत नसे. इंग्लंडच्या हेरफर्डशायरातल्या त्या गावात ओकच्या खांबांवर उभं असलेलं एकही घर त्याच्या हातून सुटलं नव्हतं. सांधा सैल बसला तर तो लाकूड शेकोटीत टाकी आणि नवं तासायला घेई. हात थकल्यावर त्याने हत्यारं गुंडाळून ठेवली होती. ती पुन्हा बाहेर काढली मर्सी प्रॉसरसाठी.

मर्सीमावशीचं घर पहिल्यापासूनच एका कोपऱ्याकडे कललेलं; आता तो कोपरा आणखी खचला होता. ओल येते म्हणून तिच्या नवऱ्याने, हॅरॉल्डने, मरण्याआधी भिंतीच्या पायाला सिमेंट थापलं होतं. ओल आतच कोंडली आणि खांबांखालची आडवी तुळई कुजली. मुलगा एडविन शहरातून आला. त्याच्या बुटाचं टोक तुळईत सहज घुसलं.

"रविवारी गाडी आणतो," तो म्हणाला. "तोवर घर धड झालं नाही तर तू माझ्याकडे राहायचंस."

"तिसऱ्या मजल्यावर? मी काय कबूतर आहे?"

शनिवारी सेथने खांबाला टेकू दिले, कुजकी तुळई कापून काढली आणि कोपरा उचलायला जॅक लावला. पाव फेरा फिरवायचा, थांबायचं. लाकूड कण्हतं, मग गप्प होतं. घाई केली की खुंट्या मोडतात, कुडाची माती ढासळते. मावशीला बाहेर बसायला सांगितलं, तर ती चहा घेऊन वरच्या खोलीत जाऊन बसली.

"घर पडलं तर?"

"पडलं तर माझंच पडेल. तू फिरव."

नवी तुळई खांबांखाली सरकली. सपाटी दाखवणाऱ्या लेव्हलचा बुडबुडा मध्यापासून जरासाच दूर होता. सेथला राहवेना. त्याने आणखी एक फेरा दिला. मग आणखी एक. बुडबुडा मधोमध आला.

वरून हाक आली. "सेथ! दार उघडत नाहीये!"

सेथने जिना चढून दाराला खांदा लावला. दार हललं नाही. हॅरॉल्डने ते घराच्या जुन्या उताराप्रमाणे तासून बसवलं होतं.

"घर सरळ केलंस ना रे, मेल्या?" आतून आवाज आला.

"तुला कसं कळलं?"

"चहा कपात मधोमध आलाय. जन्मभर तो खिडकीकडे कललेला पाहिलाय मी."

"दार रंधा मारून देतो, मावशी."

"आणि खिडक्या? आणि खालची दारं? उद्या एडविन येतोय. सरळ निजायला कबर आहे मला. उतरव खाली."

सेथ जिन्यावर उभा राहिला. तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाच त्याला राग येत होता. मग तो खाली गेला आणि पाव पाव फेऱ्याने जॅक उलटा फिरवू लागला. वर कडी खडखडली, दार उघडलं. तिथेच त्याने तुळईखाली दगडी पाट्या ठोकल्या आणि खुंट्या मारल्या. बुडबुडा एका बाजूला जाऊन बसला होता. सेथने लेव्हल फडक्यात गुंडाळली.

रविवारी एडविनने नव्या तुळईला लाथ मारली आणि पाय चोळत बसला. मग सगळी दारं उघडून मिटून पाहिली.

"कोपरा अजून तिरकाच आहे, सेथकाका."

सेथ म्हणाला, "तिरकाच ठेवलाय."

मावशीने गाडीकडे पाहिलंही नाही. ती किटली भरायला आत गेली.