कॅल्शियमच्या डबीतली गोळी

कुर्डुवाडीच्या फलाटावर दिल्लीची गाडी यायला अजून अवकाश होता, तेव्हा आईने मला सामानापासून जरा लांब नेलं. लग्नाची हळद अजून नखांत होती. मला वाटलं, सगळ्या आया लेकींना सांगतात ते सांगणार, जपून राहा, पोचल्यावर फोन कर. आईने पर्समधून कॅल्शियमची पांढरी डबी काढून माझ्या हातात ठेवली. डबीवर नाव कॅल्शियमचं आणि आत माझ्या संधिवाताच्या गोळ्या. आदल्या दिवशी बसून तिने त्या एकेक करून पाकिटांतून सोडवल्या होत्या. "कुणी विचारलं तर कॅल्शियम म्हणायचं," ती म्हणाली. "तुझ्यामागे धाकटी आहे, विसरू नकोस." एवढं बोलून ती रडली, मीही रडले. बघणाऱ्यांना वाटलं असेल, काय माया आहे. माया होतीच. पण बार्शी सोडताना माहेरहून मी काय घेऊन निघाले असं कुणी विचारलं, तर मसाले आणि पापडांच्या आधी मला ती डबी आठवते, आणि अजून संताप येतो.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. नुसतं संधिवात म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काठी टेकत चालणारे आजोबा येतात, म्हणून मी पूर्ण नाव घेते. रोगांशी लढायला जी यंत्रणा शरीरात असते तीच आपल्या सांध्यांवर उलटते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सकाळी उठल्यावर मला नळ सोडता येईना, वेणी घालता येईना. सोलापूरच्या डॉक्टरांनी निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या आणि मी पुन्हा माणसांत आले. त्यातली मुख्य गोळी मेथोट्रेक्सेट. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, मी रविवारी घेते. रोज घेतली तर तीच जिवावर बेतते, हे डॉक्टरांनी मला आणि आईला समोर बसवून बजावलं होतं. आईने ते सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, "हे घरात कुणाला बोलायचं नाही."

मंदारला मी लग्नाआधी सांगितलं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर बऱ्याच जणांनी ते सोयीस्करपणे विसरायचं ठरवलं. दुसऱ्यांदा भेटलो तेव्हा कॉफीचा कप हातात असतानाच सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला काही प्रॉब्लेम नाही. फक्त आईला नको सांगायला, ती उगाच टेन्शन घेते." मला तो किती समजूतदार वाटला. आता वाटतं, दोन्ही घरांनी एकमेकांना न विचारता एकच खोटं पसंत केलं, आणि आमची पत्रिका खरी तिथेच जुळली.

दिल्लीत आम्हाला आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे लहानशी बाल्कनी, खाली कडुनिंब. मंदार मंत्रालयात, मी वर्षभरात एका शाळेत लागले. हिंदी बोलताना माझ्या वाक्यांत 'ना' जरा जास्तच यायचं, मुलं हसायची. हळूहळू माझ्याही तोंडात 'अच्छा' आणि 'चलो' बसलं. भाजीवाल्याशी घासाघीस जमायला लागली, मेट्रोत कुठल्या दारापाशी उभं राहायचं ते कळलं. जमलं नाही ते फक्त थंडीशी. पहिल्याच जानेवारीत माझी बोटं सुजली, मनगटं वळेनात, आणि इथल्या डॉक्टरांनी काही महिन्यांसाठी स्टेरॉइड सुरू केलं. स्टेरॉइडने दुखणं कमी झालं आणि तोंड सुजून गोल झालं.

त्या उन्हाळ्यात मी तसल्या तोंडाने बार्शीला गेले. दारातच मावशी म्हणाली, "दिल्ली मानवली गं बाई." नंतर जो भेटेल तो तेच. दिल्ली मानवली, गाल बघा कसे वर आलेत, जावयाने ठेवलंय चांगलं. आपल्याकडे लेक माहेरी आली की तिच्या गालांवरून तिचं सुख मोजतात. मी उभी राहिले की घोटे ठणकत होते, आणि बायका माझ्या दुखण्याचंच कौतुक करत होत्या. आई शेजारी उभी होती. ती हसून म्हणाली, "हो, हवा चांगली आहे तिकडची." दिल्लीची हवा. ज्याने कधी नोव्हेंबरात दिल्लीत श्वास घेतला असेल त्याला या वाक्यावर काय म्हणावं ते कळेल.

मग कोरोना आला, आणि माझ्या दुसऱ्या गोळीला अचानक प्रतिष्ठा मिळाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन मी वर्षानुवर्षं गुपचूप गिळत होते. कोरोनावर ती चालते अशी बातमी फिरली आणि एका दिवसात ती दुकानांतून गायब झाली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात मास्क वर करत मला सांगत होत्या, "हमने तो पूरे घर के लिए रख ली है, यार. क्या पता कब काम आए." त्यांच्या घरात सगळे ठणठणीत होते. मला फक्त म्हणायचं होतं, की ती माझी रोजची गोळी आहे, थोड्या द्याल का. पण तसं म्हटलं असतं तर कशासाठी, हे सांगावं लागलं असतं. त्या बाईंना कळलं की सगळ्या कॉलनीला कळायचं, आणि कॉलनीतून कधीतरी सासूबाईंनाही कळलं असतं. मी "अच्छा" म्हणून खाली आले. पुढचे कितीतरी दिवस ती गोळी मिळाली नाही, आणि उजव्या हाताची दोन बोटं तेव्हा जी वाकडी झाली ती वाकडीच आहेत. निरोगी लोकांनी माझी गोळी लाज न बाळगता कपाटात भरून ठेवली आणि आजारी मी ती मागायला लाजले. कुणी शिकवली मला ही लाज? मी ती आईच्या पोटातून घेऊन आले नव्हते.

सासूबाईंना मी माई म्हणते. त्या नाशिकला एकट्या राहतात, आणि मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदाच आमच्याकडे मुक्कामाला आल्या. त्या यायच्या आधी मंदारने माझ्या रविवारच्या गोळ्या पाकिटांतून सोडवून पुन्हा कॅल्शियमच्या डबीत भरल्या; रोजच्या माझ्या पर्समध्ये गेल्या. घरातलं एवढंच एक काम त्याने आजवर न सांगता केलं असेल. मी म्हटलं, "अरे, आता पुरे कर हे. त्यांना सांगून टाकू." तो म्हणाला, "थोडेच दिवस आहेत ना? कशाला वातावरण खराब करायचं?"

माईंना दिल्ली आवडली. दुपारी खाली उन्हात खाट टाकून कॉलनीतल्या बायकांबरोबर मटार सोलायच्या. त्यांना हिंदी धड येत नाही आणि त्यांचं काही अडलं नाही. फक्त थंडीने त्यांचे गुडघे धरले. एकदा त्यांनी मंदारला विचारलं, "ही रविवारी गोळी घेते ती कसली रे?" तो मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाला, "कॅल्शियम आहे आई. बायकांना लागतंच."

बायकांना लागतंच म्हटल्यावर माईंनी काय करायचं होतं? त्यांच्या पिढीतल्या बाईने आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी केलं. घरात औषध असताना बाहेरून वेगळं आणायचं नाही आणि मुलाला आपल्यासाठी तोशीस द्यायची नाही. रोज दुपारी जेवण झालं की त्या माझ्या डबीतली एक गोळी घ्यायला लागल्या. मी शाळेत, मंदार ऑफिसात. पाच-सहा दिवसांत त्यांच्या तोंडात फोड आले. तिखट बाधलं म्हणून मी दहीभात लावला, त्यांनी तूप लावलं. मग ताप आला, घास गिळवेना. रविवारी मी माझी गोळी घ्यायला डबी उघडली आणि आतल्या गोळ्या कमी दिसल्या. मी डबी हातात घेऊन तशीच त्यांच्या खोलीत गेले. त्या अंथरुणातून क्षीण आवाजात म्हणाल्या, "अगं, मीपण घेते त्यातली रोज. सांगायचं राहिलं. संपली असेल तर आणू आपण." उशाशी कागदाची एक पुडी होती. त्यात आणखी काही गोळ्या बांधून ठेवल्या होत्या, नाशिकच्या बहिणीसाठी. तिचेही गुडघे दुखतात.

टॅक्सीत मंदार सारखं म्हणत होता, "गलती से झालं हे, गलती से." हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "माताजी को ये दवा किसने दी?" मंदार पुन्हा तेच म्हणाला, गलती से खा ली. मी डबी टेबलावर ठेवली आणि सांगितलं की गोळ्या माझ्या आहेत, आजार माझा आहे, आणि हा या बाईंपासून लपवायचा म्हणून त्या या डबीत भरल्या. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होत्या. त्यांनी डबीवरचं नाव वाचलं, आमच्या दोघांकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "पढ़े-लिखे लोग हैं आप." मला ते लागलं, आणि बरं झालं लागलं. माईंच्या रक्तातल्या पेशी धोकादायक खाली गेल्या होत्या. उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू केली. त्या वाचतील की नाही, हे पहिल्या दिवशी कुणी सांगायला तयार नव्हतं.

त्या वाचल्या. बोलता येण्याइतकं तोंड बरं झाल्यावर त्यांनी मंदारला पलंगाशेजारी बसवलं. मला वाटलं, आता माझी पाळी. त्या त्यालाच म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? हिला घराबाहेर काढलं असतं?" मग त्यांनी जरा विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "लग्नाला कदाचित नाही म्हटलं असतं मी. खोटं कशाला बोलू? पण हिची गोळी तरी खाल्ली नसती." त्या दिवशी मला त्या पहिल्यांदा माझ्या वाटल्या. मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा त्या गोड खोटं बोलल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी मी बार्शीला फोन केला आणि आईला सगळं सांगितलं, फोड, रक्त, इंजेक्शनं, पुडी. मग आईने विचारलं, "म्हणजे त्यांना आता कळलं?"

आई, हा तुझा पहिला प्रश्न होता. त्या कशा आहेत, हे तू नंतर विचारलंस. मी कशी आहे, हे विचारलंच नाहीस. धाकटीचं लग्न होऊन तिला मुलगी झाली, आता माझ्यामागे कुणी उरलेलं नाही, तरी तुझी भीती तिथेच उभी आहे. तू वाईट नाहीस, हे मला माहीत आहे. लोकांनी तुला घाबरवलं, तू मला घाबरवलंस, मी घाबरून माझी बोटं वाकडी करून घेतली आणि एक म्हातारी मरता मरता वाचली. हे चक्र कुणीतरी थांबवायला नको का?

या मे महिन्यात मी बार्शीला आले होते. रविवार होता. ओट्यापाशी उभी राहून मी गोळी काढली तर तू म्हणालीस, "दार लोट, शेजारच्या काकू बसल्यात बाहेर." मी दार लोटलं. जिथे मी रांगायला शिकले त्या घरात मी दाराआड उभी राहून औषध घेतलं. इथे आर. के. पुरमला पाकिटं जेवणाच्या टेबलावर असतात, लोणच्याच्या बरणीजवळ, नावासकट. माई नाशिकहून दर रविवारी फोन करून विचारतात, "घेतलीस का?" वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही आता सगळं ठाऊक आहे. हे क्वार्टर सरकारचं आहे, बदली झाली की सोडावं लागेल, तरी हल्ली मी घर म्हणते ते यालाच. बार्शीहून निघताना माझ्या तोंडून "चलो, घरी जायला हवं" असं सहज गेलं, आणि तुझा चेहरा उतरलेला मी पाहिला. मला वाईट वाटलं. पण शब्द मागे घेतला नाही.

इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी गाव सोडल्याच्या आठवणी लिहून मागितल्या होत्या. तिखटमिठाच्या पुऱ्यांवर लिहिता आलं असतं. मी हे लिहिलं, आणि खाली माझं पूर्ण नाव घातलं आहे, माहेरच्या आडनावासकट. अंक दरवर्षी पाठवते तसा यंदाही पाठवीन. तू वाच. रडू आलं तर रड. आणि वाचून झाला की शेजारच्या काकूंना दे.