पाच तारांची बेस गिटार

रत्नागिरीत मी कचेरीत टायपिस्ट होतो. माझं गाव लांब, घाटावर. इथे भाड्याची खोली, खानावळीचा डबा आणि शनिवार-रविवारी एका छोट्या ऑर्केस्ट्राची तालीम. तिथे मी बेस गिटार वाजवायचो. आठवड्यातून तेवढ्यापुरतंच कोणी मला नावाने हाक मारी.

गिटार ऑर्केस्ट्राच्या मालकांची होती. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा त्यांनी ती विकली.

"कार्यक्रमांच्या हंगामापर्यंत स्वतःची घे. तुझी जागा कुठे जात नाही," ते म्हणाले.

मुंबईच्या दुकानातली नवी गिटार माझ्या पगारात बसणारी नव्हती. कोल्हापूरच्या एका सुताराने केलेली स्वस्त होती, पण दोन बोटं वर सरकलं की बेसूर बोले. मग कळलं, वेळणेश्वरला बोटीवरून निवृत्त झालेल्या एका खलाशाला आपल्या दोन बेस गिटारी विकायच्या आहेत. रविवारी एसटीने जयगडला गेलो, होडीतून खाडी ओलांडली आणि पुढच्या गाडीने दुपारी त्यांच्या दारात पोचलो.

त्यांनी दोन्ही गिटारी पडवीत खाटेवर ठेवल्या. एक चार तारांची, चकचकीत; तिची किंमत ऐकून मी हात मागे घेतला. दुसरी जड, पाच तारांची, खाऱ्या वाऱ्याने खुंट्या गंजलेली.

"ही स्वस्तात देतो," ते म्हणाले. "पाच तारा बघून लोक घाबरतात. कोण घेत नाय."

मी सर्वांत जाड तार छेडली. अँप्लिफायर नव्हता, आवाज असा आलाच नाही. फक्त छातीला टेकलेलं लाकूड थरथरलं. गिटारची मान सरळ होती, सूर वरपर्यंत खरे होते.

"तुम्ही का विकताय?" मी विचारलं.

"बोटीवर एकटा होतो, तेव्हा वाजवायचो. आता घरात चौदा माणसं. तुम्ही?"

"मी ऑर्केस्ट्रात वाजवतो," मी जरा ताठ होऊन सांगितलं.

पुढच्या शनिवारी ती घेऊन तालमीला गेलो, तर माझ्या जागी नवा कीबोर्ड. वाजवणारा डाव्या हातानेच बेस काढत होता. मालक ओशाळले.

"अरे, आता यातच सगळं येतं. तू असं कर, दारावर तिकिटं बघ."

मी हो म्हणालो. खोलीवर जाऊन तरी काय करणार होतो? तो सगळा हंगाम मी दाराशी बसून तिकिटं फाडली. आतून बेस ऐकू येई आणि बोटं मांडीवर आपोआप चालत. हंगाम संपल्यावर मी जाणं सोडलं. कोणी बोलवायला आलं नाही.

मग रोज संध्याकाळी दार लावून, अँप्लिफायरशिवायच, रेडिओबरोबर वाजवायचो. हनुवटी लाकडावर टेकवली की खालचे सूर हाडातून ऐकू येत.

दोन वर्षांनी बदली झाली. सामान बांधताना घरमालकीणबाई आल्या.

"संध्याकाळी दार लावून काय करत होतात, आम्हाला कधी कळलंच नाही."

मी खोळ काढून गिटार दाखवली. त्यांनी एका बोटाने जाड तार ओढली आणि कान देऊन थांबल्या.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि खोलीची किल्ली मागितली.