हिरवं बटण कुणी दाबायचं

आमच्या वर्कशॉपमध्ये नवी मशीन पहिल्यांदा चालू करताना नारळ सासरे, म्हणजे आमचे बाबा, फोडतात. हिरवं बटण मात्र जिनं किंवा ज्यानं मशीन चालती केली, तिनं किंवा त्यानंच दाबायचं. हा नियम मी भांडून मिळवलेला आहे. माझी पहिली मशीन लाडूंची पाकिटं बंद करायची. तिचा सगळा प्रोग्राम मी लिहिला आणि बटण दाबलं माझ्या नवऱ्यानं. बाबांनी गिऱ्हाइकाला सांगितलं, "आमच्या पोरांनी बनवली." मी मागे प्रसादाचं ताट धरून उभी होते. पुढच्या मशीनच्या वेळी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, बटण मी दाबणार नसेन तर केबल काढून घरी जाते. तेव्हापासून बटण माझं झालं.

मग धाकटी जाऊ आली.

ती सावनेरची, माझ्यासारखीच इंजिनिअर, पुण्यात मोठ्या कारखान्यात नोकरी करून आलेली. हातावरची मेंदी उतरायच्या आत ती नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या आमच्या शेडमध्ये यायला लागली आणि बाबा तिच्यासाठी खुर्ची पुसून द्यायला लागले. खुर्ची! माझा अर्धा संसार तिथल्या लोखंडी स्टुलावर झाला. जेवताना बाबा म्हणायचे, "पोरगी हुशार आहे." मला ते हुशार कधीच म्हणाले नव्हते. मी 'कामाची' होते. घरात मिक्सरही कामाचा असतो.

मला तिचा हेवा वाटायचा, आणि तो चांगला ठसठशीत वाटायचा. तिच्या लॅपटॉपच्या बॅगेचा वाटायचा, तिच्या न घाबरता बोलण्याचा वाटायचा. ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. पण ती मला रोज डब्यातली चटणी आधी वाढायची.

अशात इतवारीतल्या एका मिठाईवाल्यांची ऑर्डर आली. संत्रा बर्फीचा लांब थर पट्ट्यावरून पुढे येणार आणि सुरीनं त्याचे सारखे तुकडे पडणार. दिवाळीआधी मशीन हवी होती.

माझ्या डोक्यात उत्तर तयार होतं. पट्टा नेमका एका तुकड्याएवढा पुढे जाऊन थांबेल, सुरी खाली येईल, वर जाईल, मग पट्टा परत हलेल. प्रत्येक सर्वो मोटरनं आपापलं ठिकाण गाठायचं, 'पोचले' म्हणून सांगायचं आणि मग दुसरीची पाळी. यात एकीला दुसरीच्या चालीशी देणंघेणं नसतं. बिघाड झाला तर दुकानातल्या इलेक्ट्रिशियनला फोनवरूनही समजावता येतं.

चहाच्या वेळी मी हे सांगितलं तर जाऊ म्हणाली, "ताई, पट्टा थांबवायचाच काहून? सुरीलेच त्याच्यासोबत चालवू ना."

म्हणजे सुरी रुळावर बसवायची. पट्टा धावतोय त्याच वेगानं तिनं सोबत धावायचं, धावता धावता कापायचं, वर उचलून मागे यायचं आणि पुढचा तुकडा गाठायचा. सगळ्या मोटरी एका तालात.

"आणि त्या तालातून एक सुटली तर?" मी विचारलं.

"तर सगळ्याच थांबतील. तसं लिहिता येते."

बाबांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "रूळ लावून ठेवा. पण चालवा मोठीच्या पद्धतीनं."

मी जिंकले होते. तरी माझा जळफळाट झाला, कारण तिचे रूळ आणि तिची जास्तीची मोटर मशीनवर बसणारच होती, आणि तिचं तोंडही उतरलं नव्हतं.

आमच्याकडे ट्रायलला खरी मिठाई आणायची नाही, असा बाबांचा दंडक आहे. एकदा पेढे आणले होते ते मशीनपर्यंत पोचलेच नाहीत. त्यामुळे आम्ही कणकेवर चाचणी घेतो. त्या दिवशीही मी घरून परातभर कणीक भिजवून नेली, तिचा लांब थर लाटला आणि पट्ट्यावर ठेवला. पट्टा थांबे, सुरी पडे, तुकडे एकसारखे. तिची मोटर रुळावर एका जागी गप्प उभी होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिनंही वाजवल्या. मी तिच्याकडे पाहून जरा जास्तच हसले.

टेम्पोतून मशीन इतवारीत नेली, हातगाड्यांमधून वाट काढत मिठाईवाल्यांच्या मागच्या कारखान्यात उतरवली आणि खरी बर्फी पट्ट्यावर आली. कणीक पट्ट्याला चिकटून राहते. बर्फीच्या बुडाला तूप असतं. पट्टा थांबला, बर्फी थांबली नाही; ती बोटभर पुढे घसरली आणि एक तुकडा जाड, एक पातळ असं सुरू झालं. आयुष्यभर स्वयंपाकघरात तुपाचे हात धुतलेल्या बाईला हे सुचू नये! मी पट्टा हळू सुरू, हळू बंद होईल असं केलं. घसरणं थांबलं, पण मशीन इतकी मंदावली की मालक हात बांधून म्हणाले, "असं तर आमचे कारागीरच लवकर कापतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे पाहिलं. ते दुसरं पाहणं मला अजून आठवतं.

तिनं बाबांना नाही, मला विचारलं, "ताई, माझं लावून पाहू?"

"पाहा," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

प्रोग्राम तिच्याकडे तयार होता. पहिल्या फेरीत सुरी उशिरा उचलली गेली आणि बर्फी ओढली गेली. मला बरं वाटलं. तिनं आकडे बदलले, परत लावलं, परत बदलले. मग पट्टा थांबेना आणि सुरी त्याच्या सोबतीनं निघाली, चालता चालता खाली आली, कापून वर गेली, मागे फिरली. बर्फीला कळलंसुद्धा नाही. मी खोट काढायला तुकडे उचलून एकमेकांना लावून पाहिले. ओढणीला तूप लागलं, खोट सापडली नाही.

मालकांनी नारळ मागवला. कारागीर हात पुसत भोवती जमले. बाबांनी नारळ फोडला आणि मालकांना ठणकावून सांगितलं, "आमच्या मोठ्या सुनेनं बनवली ही मशीन. सबंध नागपुरात अशी दुसरी नाई." मग माझ्याकडे वळले. "ये वं, दाब बटण."

ते माझा मान राखत होते, हे मला कळत होतं. गिऱ्हाइकासमोर, चारचौघांत, 'मोठ्या सुनेनं'. हे शब्द ऐकायला मी किती वर्षं कान देऊन बसले होते, आणि ते आले ते तिच्या कामावर. मी हात पुढे केला. खोटं कशाला बोलू, केलाच. बटणाकडे जाताना सहज मागे पाहिलं.

ती मागे प्रसादाचं ताट धरून उभी होती. हसत होती. ते हसू मी ओळखलं, माझ्या पहिल्या मशीनच्या वेळी ताट धरून मीही तसंच हसले होते.

"बाबा, ही मशीन हिनं चालती केली," मी म्हणाले. "बटण तिचं आहे." आणि तिच्या हातातून ताट काढून घेतलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं, पदराला हात पुसला आणि बटण दाबलं. पट्टा निघाला, सुरी निघाली, आणि कारागिरांच्या गलक्यात तिचा चेहरा असा फुलला की माझ्यानं बघवेना. तिच्या बॅगेचा, खुर्चीचा, हुशारीचा हेवा मी कसातरी गिळला असता. पण माझ्या वेळी माझ्या हातातलं ताट घेणारं कुणी नव्हतं. तिला मी होते.