साबितूचा दुसरा सिनेमा

नायजेरियातल्या कानो शहरात आमच्या गल्लीतल्या साबितूचा पहिला सिनेमा भर चौकात जाळला गेला. कॅसेटींना काडी लावणाऱ्यांत त्याचा सख्खा भाऊ होता. रोजच्या माराला कंटाळून एक बाई नवऱ्याचं घर सोडते, एवढीच त्या सिनेमाची गोष्ट. असला सिनेमा काढला म्हणून साबितू तुरुंगात गेला. त्या बाईचं काम करणाऱ्या तलातूचं ठरलेलं लग्न मोडलं. तरी ती दर शुक्रवारी त्याला तुरुंगात चवळीभात नेऊन द्यायची.

सुटल्यावर साबितूने मौलवींना विचारून नवी गोष्ट लिहिली. घर सोडलेली बाई भीक मागत मरते. ते कामही त्याने तलातूलाच दिलं.

"एकदा पडद्यावर मर," तो म्हणाला, "म्हणजे लोक तुला माफ करतील."

सिनेमा तुफान चालला. साबितूला सिनेमे काढायचा परवाना मिळाला, भावाने त्याला मिठी मारली. तलातूला मात्र बाजारात बायका म्हणायच्या, "बरं झालं, मेलीस ते."

पुढच्या सिनेमाच्या वेळी ती काम मागायला गेली. साबितू एका नव्या पोरीला रडायला शिकवत होता.

"तुला आता कोण बघणार, तलातू?" तो म्हणाला. "लोकांच्या लेखी तू मेलीस."

"लोकांनी नुसत्या शिव्या दिल्या होत्या, साहेब. मारलंत तुम्ही."

साबितूने दिवेवाल्याला उजेड वाढवायला सांगितलं.

तलातू कादुनाला बहिणीकडे निघून गेली. साबितूच्या सिनेमात अजून दरवर्षी एक बाई मरते आणि आमची गल्ली तिकिटं काढून बघते.