चारी चाकं ओढणारी गाडी

सहादू पगारे ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता, आणि ओळख झाल्यावर पाच मिनिटांच्या आत ही गोष्ट समोरच्याच्या कानावर घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. केसाच्या जाडीइतका फरक त्याच्या बोटांना कळे. नाशिकरोडच्या त्याच्या दोन खोल्यांत एकाही दाराला कुरकुरायची मुभा नव्हती. शेजाऱ्याचा नळ गळायला लागला की हाच बेचैन व्हायचा. पाना घेऊन जायचा, नळ नीट करायचा आणि वर नळाच्या मालकालाच चार शब्द सुनावून यायचा. वसाहतीत लोक त्याला पाठीमागे ‘विमान’ म्हणत. हे त्याला माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

अशा माणसाचं लग्न लताबाईशी झालं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नेमणूक सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर. सगळ्या वर्गांना मिळून ती एकटीच, आणि राहायला शाळेमागची खोली. एरवी एसटी पाड्यापासून दोन मैलांवर सोडायची. पावसाळ्यात तीही बंद व्हायची. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात, सत्त्याहत्तर साली, नवराबायकोनं अडीच महिने एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. सहादूची आई धोंडाबाई उठता-बसता म्हणायची, “तिला म्हणावं नोकरी सोड.” सहादूनं नोकरी सोडायला सांगितलं नाही. त्यानं गाडी घेतली.

गाडी होती देवळालीच्या एका पारशी बावाजीची. जीपचीच थोरली बहीण म्हणावी अशी स्टेशन वॅगन, मागे ऐसपैस बंद डबा, लाल रंग आणि कमरेवरून गेलेला पांढरा पट्टा. बावाजीनं ती तरुणपणी डोंगर चढायच्या शर्यतींत पळवली होती, शिकारीला नेली होती, आणि आता गुडघे गेल्यामुळे विकायला काढली होती. मोठ्या गिअरशेजारी एक छोटा दांडा होता. तो ओढला की पुढची चाकंही जोर लावायला लागत. सहादू त्या गाडीखाली उताणा पडून तीन तास होता. बावाजीनं दोनदा चहा मागवला आणि दोन्ही वेळा बशी गाडीखाली सरकवली. शेवटी म्हणाला, “डिकरा, तू गाडी घेते की बायको करते?” सहादू खालूनच म्हणाला, “बायकोसाठीच घेतोय, शेठ.”

वसाहतीत हसायला निमित्त मिळालं. एका फिटरला शर्यतीची गाडी कशाला, असं जो तो विचारी. गाडी आणल्यावर त्यानं लिंबू-मिरची बांधली नाही की नारळ फोडला नाही. आईला आणि बायकोला घेऊन थेट लेण्यांवर गेला, तिथं तिघांनी वंदना म्हटली आणि घरी आले. धोंडाबाई सगळा रस्ता दोन्ही हातांनी सीट धरून बसली होती. उतरल्यावर म्हणाली, “बसाया बरी हाय, पण उतराया शिडी लागंल.”

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात मात्र सगळ्यांची तोंडं बंद झाली. शनिवारी अर्धा दिवस भरला की सहादू वॅगन काढायचा, दिंडोरी, वणी करत सुरगाण्याच्या रस्त्याला लागायचा. पाड्याच्या अलीकडे तांबड्या चिकणमातीचा एक उतार होता आणि त्याच्या पायथ्याशी ओहोळ. जाताना उतार, येताना तोच चढ. येताना ओहोळ ओलांडला की सहादू मुद्दाम थांबायचा. पाड्यावरची माणसं तोवर काठावर जमलेली असायची. मग तो छोटा दांडा ओढायचा, आणि गाडी चारी चाकांनी माती धरत वर निघून जायची. शेजारी बसलेल्या लताच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं ते पाहायला सहादू दर शनिवारी नव्वद किलोमीटर जायचा.

आता नाशकातल्या जीपवाल्यांची एक रीत होती. दिवाळी झाली, रस्ते वाळले, की पुढच्या चाकांकडे जोर नेणारा लोखंडी शाफ्ट सोडून काढून ठेवायचा. पेट्रोल वाचतं, अशी सगळ्यांची समजूत. शाफ्ट काढला तरी गाडी मागच्या चाकांवर चालतेच. फक्त तो छोटा दांडा ओढून उपयोग नसतो. सहादूही दिवाळीनंतर शाफ्ट काढायचा, ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून खाटेखाली ठेवायचा आणि जूनमध्ये शाळा उघडायच्या आत परत बसवायचा.

एक्क्याऐंशीच्या जूनमध्ये त्यानं शाफ्ट बाहेर काढला आणि हातात धरून हलवला. टोकाच्या सांध्यात ढिलाई होती. थोडीच, पण त्याच्या बोटांना ती कळली.

द्वारकेजवळ केरू मिस्त्रीचं गॅरेज होतं. केरूनं सांधा पाहिला आणि म्हणाला, “हाच टाका. नायतर माझ्याकडं जुना हाय, तो घ्या. चालतंय की, दादा. तुम्हाला सुरगाण्याला जायचंय, अमेरिकेला नाय.”

“चालतंय हा शब्द आमच्या कारखान्यात चालत नाही,” सहादू म्हणाला.

त्यानं मुंबईला नव्या सांध्याची मागणी टाकली. आठ दिवसांत येईल असं उत्तर आलं. तोवर शाफ्ट न बसवता परत खाटेखाली गेला. आठाचे पंधरा झाले, पंधराचे महिना. सुदैवानं, म्हणजे तेव्हा त्याला ते सुदैव वाटलं, त्या साली जून कोरडाच गेला. नुसत्या मागच्या चाकांवर गाडी तो चढ चढून आली. एकदा आली, दोनदा आली, आणि मग सहादूची भीड चेपली.

त्या साली लताबाईला दिवस गेले होते. चार वर्षांनी पहिल्यांदा. तारीख ऑगस्टच्या अखेरची. जुलैच्या पहिल्या शनिवारी तिनं त्याला विचारलं, “पुढच्या आठवड्यात एसटी बंद होईल. आताच रजा टाकून घरी येऊ, का थांबू? आत्ता थांबले तर तेवढी रजा बाळंतपणानंतर मिळेल, पोराजवळ राहता येईल. गाडी ठीक आहे ना?”

सहादू शाफ्टबद्दल बोलणार होता. पण मग केरूचं बोलणं सांगावं लागलं असतं, महिनाभर आपण शाफ्टशिवाय गाडी हाकतोय हे सांगावं लागलं असतं. आणि सांधा तर येतच होता, आज ना उद्या. तो म्हणाला, “ठणठणीत आहे. थांब तू.”

ती थांबली.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पावसानं सगळी कसर भरून काढली. शनिवारी दुपारी सहादू पाड्यावर पोचला तेव्हा उतारावरून गाडी घसरतच खाली आली होती. शाळेमागच्या खोलीत लताबाई पडून होती. सकाळपासून कळा येत होत्या, दिवस भरायला महिना बाकी असताना. पाड्यावरची सुईण नवसाबाई तिच्याजवळ होती. पाड्यावरची निम्मी पोरं तिच्याच हातची. तिनं सहादूला बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, “पोर आडवं हाय. माझ्या हातचं काम नाय हे. दवाखान्यात न्याया पायजे, लगेच.”

मागच्या डब्यात गोधड्या अंथरून तिला निजवलं. नवसाबाई उशाशी बसली. ओहोळ कसाबसा पार झाला. चढाला लागल्यावर दहा-बारा हात गाडी गेली आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

सहादूनं गाडी मागे घेतली, पुन्हा जोर केला. पुन्हा तेच. पाड्यावरचे गडी धावत आले आणि मागून रेटायला लागले. मागून लताबाईचा आवाज आला. कळ ओसरल्यावर, श्वास गोळा करून, ती म्हणाली, “अहो, तो दुसरा गिअर टाका ना.”

सगळ्यांना तो दांडा माहीत होता. गाडी रेटणारे गडीही आता थांबून त्याच्याकडेच पाहत होते. शाफ्ट नव्वद किलोमीटरवर खाटेखाली गोणपाटात पडलेला होता.

सहादूनं दांडा ओढला.

“टाकला का?” तिनं विचारलं.

“टाकला,” तो म्हणाला.

मग ऐनाच्या फांद्या तोडून चाकांखाली घातल्या, दगड भरले, बैलाचे दोर बांधून वीस माणसांनी ओढलं. तो चढ चढायला दोन तास लागले. दोन तास सहादू स्टिअरिंग धरून बसला होता आणि मागचं सगळं त्याला ऐकू येत होतं. तो मागे वळून पाहत नव्हता.

सुरगाण्याच्या डॉक्टरांनी लताबाईला वाचवलं. मुलगी होती. डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, “पोटातच गेली. पण जाऊन फार वेळ झाला नव्हता.” ते सहज बोलून गेले असतील. सहादूनं पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आणि नवसाबाईनं मिळून मुलीला पुरलं. डोक्यावर दाट जावळ होतं. लताबाई शुद्धीवर नव्हती, तिला मुलगी पाहायला मिळाली नाही. पुन्हा मूल होणार नाही, हेही तिला नंतरच कळलं.

गुरुवारी मुंबईहून सांधा आला. सहादूनं तो बसवला, शाफ्ट चढवला, आणि त्यानंतर कधी काढला नाही. दिवाळीनंतरही गाडी शाफ्टसकट फिरताना पाहून केरू म्हणायचा, “दादा, पेट्रोल फार झालंय का?” सहादू गाडी पुढे काढायचा. वसाहतीत कुणाचा नळ गळाला तरी तो आताशा जात नसे.

पाहुणे आले की विषय निघायचाच. लताबाई सांगायची, “गाडी होती म्हणून मी वाचले. चारी चाकांचा गिअर टाकला तरी दोन तास लागले, एवढा चिखल. दुसरी गाडी असती तर मीही गेले असते.” मग धोंडाबाई म्हणायची, “येळेवर रजा घेतली असती तर पोर हाती लागलं असतं. पगाराची हाव.” आणि लताबाई मान खाली घालून म्हणायची, “हो आत्याबाई. माझीच चूक. ह्यांनी गाडी आणली म्हणून मी निर्धास्त राहिले.”

सहादू तेव्हा तिथंच बसलेला असायचा. आज सांगू, उद्या सांगू, असं म्हणत त्यानं पाच वर्षं काढली. पाच वर्षं त्यानं आपल्या बायकोला स्वतःच्या वाट्याचे बोल ऐकून घेऊ दिले, आणि याला भ्याडपणाशिवाय दुसरं नाव देता येत नाही. गाडी विकायचं त्यानं दोनदा काढलं. दोन्ही वेळा तिनंच अडवलं. “जिनं मला वाचवलं, ती विकायची?” म्हणाली.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, सुट्टी लागली होती म्हणून लताबाई घरीच होती. शेजारची पाच वर्षांची पोर अंगणात ठिक्कर खेळत होती. धोंडाबाई दारातून पाहत होती. ती म्हणाली, “आपली पण एवढीच झाली असती. पण आईला नोकरी प्यारी.” एवढं बोलून ती चपला घालून विहारात निघून गेली. लताबाई सहादूसमोर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालायला लागला.

“लता,” सहादू म्हणाला, “त्या दिवशी गाडीला शाफ्ट नव्हता.”

तिला आधी कळलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. सांध्यातली ढिलाई, केरू, मुंबईची मागणी, खाटेखालचं गोणपाट. तिनं जुलैत विचारलं तेव्हा आपण खोटं बोललो, तेही सांगितलं. सांगताना तो तिच्याकडे नाही, सुपाकडे पाहत होता.

“मग मी गिअर टाका म्हणाले तेव्हा?”

“नुसताच दांडा ओढला.”

तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग शाळेत पोराला प्रश्न घालावा तसं सरळ विचारलं, “शाफ्ट असता तर तो चढ चढायला किती वेळ लागला असता?”

मापाच्या बाबतीत सहादूला खोटं बोलता येत नव्हतं. “चार मिनिटं,” तो म्हणाला. “फार तर पाच.”

लताबाईनं सूप बाजूला ठेवलं. पदरानं हात पुसले. “मी तिच्यासाठी कधी रडले नाही, तुम्ही पाहिलंय का मला रडताना?” ती म्हणाली. “मी दवाखान्यात रडले नाही, घरी रडले नाही. मीच मारली तिला, मग मी कोणत्या तोंडानं रडू, असं वाटायचं. पाच वर्षं मी स्वतःला तेवढंही करू दिलं नाही.”

तिचा आवाज तिथं फुटला. सहादू उठला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवायला वाकला.

“हात नका लावू,” ती म्हणाली. “तुम्ही बाहेर जा. मला तिच्याजवळ बसू द्या.”

तो बाहेर येऊन पायरीवर बसला. आतून आधी काहीच ऐकू आलं नाही, मग ऐकू यायला लागलं. अंगणातली पोर खेळायची थांबून दाराकडे पाहायला लागली, तेव्हा त्यानं तिला घरी जायला सांगितलं. धोंडाबाई विहारातून परत येईपर्यंत लताबाई रडत होती, आणि सहादू तिथंच बसून होता.